वसईचा गोन्सालो

आज दुपारी लेकीला घेऊन वसईच्या किल्ल्यात गेलो होतो. संत गोन्सालो गार्सियाच्या चर्चमध्ये शिरलो, तर बाहेरच्या उन्हानंतर एकदम गार वाटलं. "बाबा, हा खरंच वसईचा?"

हो तर! आधी व्यापारी, मग मनिलात फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती संघाचा ब्रदर. जपानी फर्डा बोलायचा, म्हणून जपानात धर्मप्रचाराला गेलेल्या फादर पेद्रो बाप्तिस्तांचा दुभाषा झाला. (शाळेत आम्हाला चिमाजी अप्पा शिकवले, हा नाही.) जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी, त्याच्या हुकमाने क्योतोत दोघांचेही डावे कान छाटले, भर थंडीत नागासाकीपर्यंत नेलं आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला २६ जणांना क्रुसावर चढवलं. त्यात बारा वर्षांचा एक पोरगाही होता.

लेक अकरा पूर्ण. परतताना रिक्षात बराच वेळ स्वतःचा कान चाचपत होती.