हो, मेंटेन होतं. म्हणजे, तसं

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. ‘बीकनचं हे प्लगइन अजून मेंटेन होतं का?’ (बीकन म्हणजे ब्लूटूथवर सतत आपली ओळख सांगणारं छोटं यंत्र, प्लगइन म्हणजे ते इतरांच्या ॲपला ऐकवणारा माझा कोड) या प्रश्नाला मी आजवर ‘हो’, ‘हो, पण’ आणि एकदा रात्री दीड वाजता ‘तुम्ही करता का?’ अशी तीन उत्तरं दिली आहेत. तिन्ही मनापासून होती.

शेवटचा कमिट, म्हणजे कोडमधला नोंदलेला बदल, आठ महिन्यांपूर्वीचा आहे, हे मलाही दिसतं. पण हे प्लगइन कोणी हात न लावताही बिघडतं. २०१३ मध्ये आयओएस ७ बरोबर ॲपलची बीकनची पद्धत, आयबीकन, आली, तेव्हा काम किरकोळ वाटलं होतं. बीकन आपला यूयूआयडी, मेजर, मायनर हे ओळखीचे आकडे घोकत बसतो. फोनने ऐकायचं, आपण ते ॲपच्या कानावर घालायचं. मग अँड्रॉइड ६ ने ब्लूटूथ स्कॅनसाठी लोकेशनची परवानगी मागितली. ७ ने ठरवलं, ३० सेकंदांत पाचपेक्षा जास्त वेळा स्कॅन सुरू केलात तर हाती काहीच द्यायचं नाही. १० ने बॅकग्राउंड लोकेशन वेगळं काढलं. दर वेळी माझ्याकडे इश्यू, म्हणजे तक्रार, एकच: ‘काल चालत होतं.’

(बीकन दोन मीटरवर आहे आणि आकडा सहा का येतो, हे कृपया विचारू नका. मधे तुम्ही उभे आहात, आणि माणसाच्या अंगातलं पाणी हा सिग्नल पितं.)

खरी गोष्ट अँड्रॉइड १२ ची. तिथे ब्लूटूथ स्कॅनची स्वतंत्र परवानगी आली आणि मॅनिफेस्टमध्ये (ॲपला लागणाऱ्या परवानग्या जिथे जाहीर करतात त्या फाइलमध्ये) ‘नेव्हर फॉर लोकेशन’ असं लिहून देण्याची सोयही. म्हणजे या स्कॅनवरून माणूस कुठे आहे ते आम्ही काढणार नाही. ते लिहिलं की लोकेशनचा तो नकोसा प्रश्न विचारावा लागत नाही. लोक दोन वर्षं माझ्यामागे लागले होते: युजर लोकेशन नाकारतात, काहीतरी करा. मी ती एक ओळ घातली, टेबलावरच्या सेन्सरवर तपासलं, डेटा आला, रिलीज केलं. आभारही आले.

चौथ्या दिवशी एकाचा मेल आला. मोठ्या इमारतीत अंध लोकांना आवाजाने वाट सांगणारं ॲप त्याने या प्लगइनवर उभं केलं होतं. लिहिलं होतं एवढंच: ‘ॲप बोलत नाहीये. एक जण जिन्यापाशी थांबून राहिले होते.’

स्कॅन सुरू होत होता. एरर नव्हती. यादी रिकामी. मी आधी त्या पाच वेळांच्या मर्यादेवर संशय घेतला, मग त्याच्या कोडवर, मग त्याला बीकनच्या बॅटऱ्या बदलायला लावल्या. सगळ्या. त्याने बिचाऱ्याने बदलल्या. तिसऱ्या रात्री अँड्रॉइडची कागदपत्रं पुन्हा उघडली. ‘नेव्हर फॉर लोकेशन’ लावलंत तर काही बीकन स्कॅनच्या निकालातून गाळले जातात, असं तिथे स्वच्छ लिहिलेलं होतं. माझ्या टेबलावरचा सेन्सर स्वतःच्याच फॉर्मॅटमध्ये बोलायचा, म्हणून तो चाळणीतून सुटला होता. आणि ते वाक्य मी रिलीजच्या आधी वाचलेलं होतं. ‘काही बीकन’ म्हणजे दुसऱ्यांचे, असं धरून पुढे गेलो होतो.

चूक कागदपत्रांची नव्हती. ज्या प्लगइनचा धंदाच माणूस कशाजवळ आहे हे सांगण्याचा, त्यात मी लोकेशनशी संबंध नाही असं लिहून दिलं होतं. अँड्रॉइडने माझ्यावर विश्वास ठेवला, इतकंच.

ओळ त्याच रात्री काढली. त्याला सविस्तर माफी लिहिली, उत्तर आलं नाही. त्यानंतर बराच काळ मी कुठलाही बदल मर्ज करायला, म्हणजे मूळ कोडमध्ये घ्यायला, कचरत होतो. तुम्हाला कमिटमध्ये दिसते ती पोकळी त्यातली बरीचशी आहे. पण सगळी नाही. काही महिने मला नुसता कंटाळा आला होता, हेही सांगून टाकतो. तेव्हाच्या माझ्याशी मी अजून भांडतो. तो म्हणतो, लोकांनी मागितलं म्हणून दिलं. मी म्हणतो, लोकांनी परवानगीची कटकट कमी करायला सांगितलं होतं, बीकन लपवायला नव्हे. तो म्हणतो, मग फुकटात काम करणाऱ्याने प्रत्येक फोन विकत घ्यायचा का? याचं उत्तर माझ्याकडे नाही.

सध्या एक पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोणीतरी सुचवलेला कोडमधला बदल, उघडी आहे. बदल एका ओळीचा: ‘नेव्हर फॉर लोकेशन’ परत घाला, युजर वैतागतात. खाली सतरा अंगठे आहेत. मी रोज सकाळी ती उघडतो आणि काही न लिहिता बंद करतो.