पेन्सिलीची एक रेघ

सर काही बोलले नाहीत. तक्त्यात मी किड्याचं नाव 'कॅपिटेला कॅपिटाटा' लिहिलं होतं. त्यातल्या 'कॅपिटाटा'वर त्यांनी पेन्सिलीने रेघ मारली, शेजारी 'समूह' लिहिलं, म्हणजे एक प्रजाती नव्हे, सारख्या दिसणाऱ्या प्रजातींचा गट, आणि तक्ता परत दिला. तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही.

चिखल धुतला की चाळणीवर उरणारा हा बारीक तांबूस पॉलिकीट, म्हणजे अंगावर ताठ रोम असलेला समुद्री किडा, मी ज्या खात्रीने ओळखते, तशी खात्री मला फार थोड्या बाबतींत आहे. लांबी साधारण दोन-चार सेंटिमीटर. डोकं निमुळतं, त्यावर स्पर्शिका नाहीत. तोंडातून बाहेर उलटणारी मऊ सोंड, पण जबडे नाहीत. इतर पॉलिकीटांच्या दोन्ही अंगांना पायांसारखे पार्श्वपाद असतात, याचे जवळजवळ नाहीसेच झालेत. निसर्गअभ्यासक फाब्रिसियसने १७८० मध्ये ग्रीनलंडचे प्राणी नोंदवताना याला गांडुळांच्या 'लुम्ब्रिकस' गटात घातलं, त्यात नवल नाही. रक्तवाहिन्याही नाहीत याला. हिमोग्लोबिन देहगुहेतल्या द्रवातच फिरतं, तांबूसपणा त्याचा.

मग काचपट्टीवर घेऊन रोम बघायचे. पुढच्या सात खंडांवर सरळ, बारीक. मागे टोपण असलेले, हुकासारखे वाकडे. नर असेल तर आठव्या आणि नवव्या खंडाच्या पाठीवर जाड काटे, एकमेकांकडे रोखलेले. ते काटे भिंगाखाली स्पष्ट झाले की मला अजूनही आनंद होतो. इतकं सगळं जुळत असताना नाव लिहायचं नाही?

का नाही लिहायचं, ते मला ठाऊक आहे, कितीतरी वर्षं ठाऊक आहे. १९६९ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळ बार्जमधून तेल सांडलं, तळाचे बहुतेक प्राणी मेले आणि त्या मोकळ्या चिखलात कॅपिटेला बेसुमार वाढला. ज्युडिथ आणि फ्रेडरिक ग्रासल यांनी त्यांची एन्झाइम्स विजेच्या प्रवाहात वेगळी करून पाहिली. १९७६ मध्ये त्यांनी लिहिलं, की एका नावाखाली निदान सहा प्रजाती आहेत. दिसायला जवळजवळ सारख्या. पण अंड्यांचा आकार वेगळा, विणीचा काळ वेगळा, कुणाच्या अळ्या बराच काळ पाण्यात तरंगणाऱ्या तर कुणाच्या लवकर तळाला बसणाऱ्या. २००९ मध्ये ग्रीनलंडच्या नमुन्यांवरून खऱ्या कॅपिटाटाचं नव्याने वर्णन झालं, आणि त्या सहांपैकी पहिलीला कॅपिटेला टेलेटा हे नाव मिळालं.

हे वाचणं वेगळं आणि आपल्या तक्त्यावर रेघ पडणं वेगळं. मान अवघडेपर्यंत भिंगात बघायचं, डोळ्यांचं तर बोलूच नये, आणि शेवटी कळायचं की बघणं पुरत नाही. मग माझ्याजवळ आहे काय? रात्री जेवतानाही तेच. आईशी नीट बोलले नाही. ते असो.

आता लिहिताना दुसरी गोष्ट आठवतेय. एकियुरा नावाचे फुगीर, प्रौढपणी एकही खंड नसलेले समुद्री किडे. एके काळी त्यांचा स्वतंत्र संघ मानायचे. जनुकांनी त्यांना वलयी प्राण्यांत, म्हणजे गांडुळं आणि पॉलिकीटांच्या संघात आणलं, तेही थेट कॅपिटेलाच्या कुळाशेजारी. म्हणजे हुबेहूब दिसणारे परके निघाले आणि अजिबात न दिसणारे सख्खे. संध्याकाळी हे आठवलं असतं तर आणखी खचले असते. आत्ता मात्र छान वाटतंय. एवढ्याशा किड्याच्या पोटात इतकं काही शिल्लक आहे, आणि तो माझ्या बशीत आहे.

शिवाय मी पाहिलेलं खोटं ठरलेलं नाही. सात खंड सातच आहेत, काटे जिथे होते तिथेच आहेत. सेंद्रिय गाळाने कोंडलेल्या तळात हाच गट दाटीने सापडतो, ती मोजदादही उभी आहे. मी फक्त कॅपिटाटा म्हणायचं नाही. सरांची रेघ बरोबर आहे, हे सकाळी त्यांना सांगेन. सांगायला जड जाईल.

आणि पुढच्या वेळी सगळा नमुना फॉर्मॅलिनमध्ये घालायचा नाही. त्यात शरीर नीट टिकतं, पण डीएनए खराब होतो. प्रत्येक ठिकाणचे थोडे किडे चाळल्याबरोबर अल्कोहोलमध्ये वेगळे ठेवायचे, चिठ्ठीवर खोली आणि तारीख लिहून. अंडी सांभाळणारी मादी नळीत सापडली तर अंड्यांचा व्यास आधी मोजायचा, मग बाटली बंद करायची. त्यासाठी तक्त्यात एक रकाना वाढवावा लागेल.