आमची वाटचाल : माहेरच्या म्हशी ते बरेनच्या गाई

मी मूळची साताऱ्याकडची, माहेरी दोन म्हशी होत्या, म्हणून 2009 ला लग्न होऊन आयर्लंडला काउंटी क्लेअरमधल्या बरेनला आले तेव्हा वाटलं जनावरांचं आपल्याला काय नवीन. पहिल्याच फेब्रुवारीत सासूबाईंनी रात्री दोनला उठवलं, गाय व्यायली होती. चीक म्हटलं की मला खरवस आठवतो, इथे पहिला चीक सगळा वासराचा, दोन तासांच्या आत तीन लिटर पोटात गेलाच पाहिजे, कारण वासराला जन्मतः प्रतिकारशक्ती जवळपास नसते आणि चिकातून ती घ्यायची ताकद तासातासाला कमी होत जाते. मग नाळेला आयोडीन, आणि 20 दिवसांच्या आत कानाला टॅग.

बरेन म्हणजे नजर जाईल तिथे चुनखडीचा उघडा खडक. बऱ्याच देशांत गुरं उन्हाळ्यात डोंगरावर नेतात, आमच्याकडे उलटं, ऑक्टोबरच्या शेवटी गाभण गाई वर जातात आणि वसंतात खाली येतात, याला विंटरेज म्हणतात. खाली नुसता चिखल, वर खडकातून पाणी झिरपून जातं त्यामुळे बसायला कोरडी जागा मिळते, आणि उन्हाळ्यात तापलेला दगड ती ऊब हळूहळू सोडतो असं इथले सगळे जुने शेतकरी सांगतात. गाई वाळकं गवत खाऊन जागा मोकळी करतात म्हणून मे महिन्यात तिथे जेन्शियनची निळी फुलं येतात, ती बघायला लोक लांबून येतात. पण पाऊस असो वारा असो रोज कुणीतरी वर जाऊन गाई मोजायच्याच.

2014 च्या एप्रिलमध्ये एक गाय गेली. नुकती खाली आणलेली, अंगाखाली वासरू, हिरवंगार लुसलुशीत गवत, सकाळी बघतो तर आडवी पडून पाय झाडतेय, डॉक्टर पोचेपर्यंत संपलं होतं. अशा कोवळ्या गवतात मॅग्नेशियम कमी असतं आणि दुधातून ते रोज जात राहतं. तेव्हापासून गाई खाली यायच्या आधीच मॅग्नेशियमच्या चाटणाच्या बादल्या शेतात ठेवतो, एक वर्षही चुकवलं नाही.

2016 ला शेत बघायला येणारे पाहुणे घ्यायला सुरुवात केली. आई नसलेली कोकरं बाटलीवर असतात, मुलांना ती पाजायला फार आवडतं. एका वेळी बाराच माणसं, नुकत्या व्यालेल्या गाईजवळ कुणालाच नाही, आणि गरोदर बायकांना मेंढ्यांच्या शेडमध्ये अजिबात नाही, कारण व्यायच्या वेळच्या मेंढ्यांपासून पोटातल्या बाळाला धोका असू शकतो. यावरून बुकिंगं गेली तरी चालतील. वासरांचं पुढे काय होतं असं मुलं विचारतात, तेव्हा मार्टला, म्हणजे गुरांच्या बाजारात, विकतो हे खरं सांगतो, आणि जाईपर्यंत त्यांची हयगय करत नाही.

भेटी मार्च ते मे. गमबूट आम्ही देतो, फक्त मुलांचे साइज आधी कळवा.