डोमकावळ्याचं कार्ड

वाइल्डवुड टॅरोचा डेक, म्हणजे भविष्य किंवा मन वाचायच्या चित्रकार्डांचा एक संच, माझ्याकडे आला तो ऑक्टोबर सरताना. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅममधला माझा दुसरा हिवाळा. पुण्यात असताना रायडर-वेट या सर्वात प्रचलित टॅरो डेकवर शिकले होते, त्यामुळे ७८ कार्डं म्हणजे ओळखीचंच घर, असं धरून बसले. पहिल्याच संध्याकाळी अडखळले.

यात तलवारी नाहीत, पेले नाहीत. बाण, धनुष्यं, पात्रं आणि दगड आहेत. राजाराणीच्या जागी प्राणी-पक्षी: बाणांचा राजा खंड्या, पात्रांचा बगळा, दगडांची राणी अस्वल. विल वर्दिंग्टन यांनी चितारलेलं हे ब्रिटनचं आदिम रान. सगळा डेक पेगन, म्हणजे निसर्गपूजक, वर्षचक्रावर बसवलेला आहे. दोन अयनं (सर्वात मोठा आणि सर्वात लहान दिवस), दोन संपात (दिवस-रात्र सारखे), आणि त्यांच्या मध्ये साविन, इम्बोल्क, बेल्टेन, लुनासा हे सण.

पहिला आठवडा मी जुने अर्थ नव्या चित्रांना चिकटवत राहिले. रायडर-वेटमधली पेल्यांची पंजी म्हणजे सांडलेल्या पेल्यांपुढे मान खाली घालून उभा असलेला काळ्या झग्यातला माणूस, शोकाचं कार्ड. इथे पात्रांच्या पंजीवर शब्द छापलाय 'एक्स्टसी'. परमानंद! रोज सकाळी एक कार्ड काढायचं, पुस्तिका उघडायची, चिडायचं आणि डेक मिटायचा.

मग एका सकाळी तेरावं कार्ड आलं. जुन्या डेकमधला मृत्यू. इथे त्याचं नाव 'द जर्नी', आणि चित्रात डोमकावळा रेनडिअरच्या कवटीवरचं मांस टिपतोय.

पुस्तिका उघडलीच नाही. बाबांच्या दहाव्याला मला जाता आलं नव्हतं. दादाने व्हिडिओ कॉलवर घाट दाखवला होता. पिंड ठेवलेला, कावळे वर फांदीवर, आणि एकही खाली येईना. काका म्हणाले, "काय राहिलंय मनात, बोला रे." दादा म्हणाला, "बाबा, आईला मी एकटं पडू देणार नाही." तेवढ्यात एक कावळा उतरला. मी स्क्रीनवर बोट ठेवून बसले होते. त्या दिवशी रडू आलं नव्हतं, ते या कार्डासमोर आलं.

त्यानंतर मी पद्धत बदलली. आधी चित्र, मग खिडकीबाहेरचा ऋतू, पुस्तिका अगदी शेवटी. 'ग्रीन मॅन', म्हणजे पानांनी मढलेला रानपुरुष, निघाला तेव्हा बसने साउथवेल मिन्स्टर या जुन्या चर्चला गेले. तिथल्या चॅप्टर हाउसमध्ये (धर्मगुरूंच्या सभागृहात) तेराव्या शतकातली दगडी पानं कोरलेली आहेत, आणि पानांमधून चेहरे बघतात. चर्चमध्ये हे रानातलं तोंड कुणी का कोरलं असेल, याचा विचार करत मी बराच वेळ मान वर करून उभी होते.

हा डेक उद्या काय होणार ते मला सांगत नाही. आज मी वर्षाच्या कुठल्या वळणावर उभी आहे, ते दाखवतो. रायडर-वेट पाठ असलेल्यांना तो जड जाईल. अगदी नवख्या माणसाच्या हातात मी तो बिनधास्त देईन.

२१ डिसेंबरला इथे चारच्या आत सूर्य मावळला. वर्षचक्रात त्या जागी 'द हुडेड मॅन' येतो, हातात कंदील घेतलेला. आपल्याकडे उत्तरायण आपण संक्रांतीला धरतो, इथे ते त्याच रात्री वळलं. मी कार्ड बाबांच्या फोटोपाशी ठेवलं, निरांजन लावलं आणि आईला फोन केला.