तीन खाती आणि सोसायटीची नोटीस

मी पुण्यात घरूनच जर्मन भाषांतराचं काम करते. थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्रॅममध्ये माझी तीन खाती आहेत. एक घरगुती जीमेल, दुसरं स्वतःच्या डोमेनवरचं कामाचं, आणि तिसरं सेक्रेटरी झाल्यापासून गळ्यात पडलेलं सोसायटीचं. तिन्ही एकाच खिडकीत दिसत असल्यामुळे जे एकाला लागू ते तिघांनाही लागू, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. पुढची सगळी फजिती तिथून सुरू झाली.

गेल्या पावसाळ्यात जर्मनीतल्या एका वकिलांच्या ऑफिसातून वारसाहक्काची कागदपत्रं भाषांतराला येणार होती. तिथल्या बाईंनी आधीच कळवलं की असली कागदपत्रं आम्ही साध्या मेलने पाठवत नाही, तुमची पीजीपीची पब्लिक की पाठवा. पीजीपी म्हणजे मेल कुलूपबंद करायची पद्धत: आपल्या पब्लिक कीने समोरचा मेल बंद करून पाठवतो, आणि ती उघडते फक्त आपल्याकडच्या खासगी किल्लीने. मी जरा तोऱ्यातच उत्तर दिलं, माझ्याकडे एसएसएलचं सुरक्षित कनेक्शन आहे, पोर्ट 993, सगळं व्यवस्थित आहे. त्यांनी शांतपणे समजावलं: ते कुलूप तुमच्या घरापासून पोस्टापर्यंतच्या रस्त्याचं, पोस्टात गेल्यावर पाकीट उघडंच. खरंच होतं ते. कनेक्शनची सुरक्षा हा 'सर्व्हर सेटिंग्ज'मधला विषय. मेलचा मजकूरच बंद करायचा तर 'एंड-टू-एंड एन्क्रिप्शन' हे पान वेगळं, आणि ते प्रत्येक खात्याखाली स्वतंत्र.

2020 मध्ये आलेल्या 78व्या आवृत्तीपासून ओपनपीजीपी, म्हणजे पीजीपीचंच खुलं रूप, थंडरबर्डच्या आतच आहे. त्याआधी एनिगमेल नावाचं अॅड-ऑन आणि ग्नूपीजी नावाचा वेगळा प्रोग्रॅम असं दोन्ही बसवावं लागायचं. त्यामुळे मला वाटलं, चहा होईपर्यंत होईल. किल्ली तयार व्हायला खरोखरच मिनिटभर पुरलं, मुदत आपोआप तीन वर्षांची आली. मग अंगात उत्साह संचारला. कामाच्या खात्याला केलं तसंच बाकी दोघांनाही करून टाकलं. तिन्हींना किल्ल्या, तिन्हीकडे 'नव्या मेलला एन्क्रिप्शन चालू', आणि एन्क्रिप्ट नसलेल्या मेलवरही डिजिटल सही (मेल माझीच असल्याची खूण), अशा टिका मारत गेले.

पहिला दणका बहिणीला मेल करताना. तिची किल्ली माझ्याकडे नाही, त्यामुळे मेल जाईचना. तिथे एन्क्रिप्शन बंद केलं आणि विसरले. दुसऱ्या दिवशी पाण्याची टाकी धुण्याची नोटीस पाठवायची होती, तिथेही एन्क्रिप्शन काढलं, मेल सुरळीत गेली. सहीची टिक मात्र तशीच राहिली होती.

अर्ध्या तासात फोन सुरू झाले. तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "अहो, नोटिशीबरोबर दोन फायली आल्यात. उघडू का? मुलगा म्हणतो हात लावू नका." एक होती सहीची, दुसरी माझ्या पब्लिक कीची, दोन्हींच्या नावाच्या शेवटी डॉट एएससी. सही केली की पब्लिक की सोबत जोडायची, ही टिक आधीपासूनच चालू असते, हे मला तेव्हा कळलं. तोवर एका काकूंनी ती फाईल उघडून अक्षरांच्या चळतीचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला होता आणि खाली विचारलं होतं, "ताई, हे मेंटेनन्सचं आहे का?" टाकी धुवायच्या दिवशी पाणी भरून ठेवायचं राहिलं ते राहिलंच, चर्चा सगळी व्हायरसची.

रात्री वही घेऊन बसले आणि एकेका खात्याचा विचार केला, जो आधीच करायला हवा होता. सोसायटीच्या खात्यात लपवण्यासारखं काही नाही आणि समोरच्या कुणाकडेही किल्ली नाही. तिथे 'नन' निवडून विषय संपवला. घरच्या खात्याला किल्ली ठेवली, पण एन्क्रिप्शन आणि सही दोन्ही बंद. लागलंच तर मेल लिहिताना वरच्या बटणाने तेवढ्यापुरतं चालू करता येतं. कामाच्या खात्यातही मी ते कायमचं चालू ठेवलेलं नाही, कारण दहातल्या नऊ एजन्सींना पीजीपी माहीतच नसतं. एन्क्रिप्ट होऊन आलेल्या मेलला उत्तर द्यायला घेतलं की थंडरबर्ड आपणहून एन्क्रिप्शन लावतो, माझं तेवढ्यावर भागतं.

हे सगळं झाल्यावरही बिल अडकलं. बिलं पाठवायला मी त्याच डोमेनचा दुसरा पत्ता वापरते. तो वेगळं खातं नाही, कामाच्या खात्याखालची दुसरी आयडेंटिटी आहे. 'फ्रॉम'मध्ये तो पत्ता निवडला की किल्ली गायब! 'मॅनेज आयडेंटिटीज'मध्ये शिरल्यावर दिसलं की तिथेही एन्क्रिप्शनचा स्वतःचा टॅब आहे. सेटिंग खात्याचं म्हणण्यापेक्षा पत्त्याचं असतं, हे तेव्हा डोक्यात शिरलं. त्या पत्त्यासाठी वेगळी किल्ली केली आणि तीही जर्मनीला पाठवली.

त्यांची किल्ली खरंच त्यांचीच आहे का, हे फोनवर तपासायचं ठरलं. हा भाग मला सगळ्यात आवडला. फिंगरप्रिंट म्हणजे किल्लीची ओळखखूण: चार-चारच्या दहा गटांत चाळीस अक्षरं-आकडे, आणि अक्षरं फक्त ए ते एफ. बाई जुन्या वळणाच्या, त्यामुळे अक्षर नीट कळावं म्हणून ए, बी, सीऐवजी आंटोन, बेर्टा, त्सेझार, डोरा, एमिल, फ्रीडरिश असं सांगत होत्या. जर्मनीत 2022 पासून ऑफिसांसाठी आखेन, बर्लिन, केम्निट्स अशी शहरांची नावं आली आहेत, पण सवय कुठे सुटते? दोनला 'झ्वाय' न म्हणता 'झ्वो' म्हणायच्या, म्हणजे फोनवर तीनच्या 'ड्राय'शी घोळ होत नाही. चाळीसही जुळल्यावर मी 'प्रत्यक्ष पडताळली आहे' हा पर्याय निवडला. नुसतं 'स्वीकारली, पण पडताळली नाही' असाही पर्याय असतो आणि त्यावरही मेल जाते; पण वारसाहक्काच्या कागदांना मला ते पटेना.

घरच्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहिते. खासगी किल्ली थंडरबर्डच्या प्रोफाइलमध्येच असते. थंडरबर्डचा स्वतःचा प्रायमरी पासवर्ड लावला नाही, तर आपल्या कॉम्प्युटरवर बसलेला कुणीही त्या मेल आरामात वाचू शकतो. आमच्याकडे मुलगा प्रोजेक्टसाठी तोच कॉम्प्युटर वापरतो, म्हणून तो पासवर्ड त्याच रात्री लावला. किल्ल्यांचा बॅकअप पेनड्राइव्हवर घेऊन कपाटात ठेवला, कारण डिस्क गेली आणि बॅकअप नसला तर जुन्या एन्क्रिप्टेड मेल कुणीच उघडू शकत नाही, मीसुद्धा नाही.

फोनवर मात्र अजून पंचाईत आहे. साताऱ्याला एका लग्नात असताना जर्मनीची मेल आली. विषयाच्या जागी तीन टिंबं, खाली 'एन्क्रिप्टेड डॉट एएससी' नावाची फाईल, बास. विषयही आत बंद करायचा, हे पाठवणाऱ्याकडचं सेटिंग, आणि त्यांनी ते चालू ठेवलेलं. पंगतीत जिलेबी वाढत होते आणि माझ्या डोक्यात एकच, भाषांतरात काही चूक सापडली की काय? रात्री घरी येऊन उघडलं तर पैसे पाठवल्याचं कळवलं होतं. फोनवरही किल्ली ठेवता येते, ओपनकीचेन नावाचं अॅप त्यासाठीच आहे. पण मी दोनदा फोन रिक्षात विसरलेली बाई, त्यामुळे मेल घरी येऊनच वाचते.