नागपुरात जुना मोहल्ला शोधायचा तर

बऱ्याच वर्षांनी नागपुरात येणारा माणूस गोंधळतो तो वर्धा रोडवर. महाल-इतवारी या जुन्या भागांत त्याला फारसं विचारावं लागत नाही. छत्रपती चौकातला उड्डाणपूल पत्ता सांगायची हमखास खूण होती. तो २०१६ मध्ये पाडला. आता तिथे खाली रस्ता, त्यावर पूल आणि सगळ्यात वर मेट्रो. जुन्या शहरात वाडे पडले, पण गल्ल्यांची वळणं बरीचशी तीच राहिली. म्हणून सुरुवात आतल्या भागातून करा आणि मग ले-आऊटांकडे, म्हणजे बाहेरच्या प्लॉट पाडून वसवलेल्या वस्त्यांकडे या.

यायचं जानेवारी-फेब्रुवारीत. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. सकाळी १० नंतर आणि संध्याकाळी ६ च्या आधी गल्लीत चिटपाखरू नसतं, मग विचारणार कोणाला? डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन असतं, हॉटेलच्या खोल्या मिळत नाहीत आणि मिळाल्याच तर महाग. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, त्या दिवसांत आसपासचे रस्ते वाहनांना बंद असतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, पाहायची असेल तर खुशाल या, पण त्या दिवशी घर शोधायचं मनातही आणू नका.

रेल्वेने उतरलात तर मुख्य इमारतीकडून बाहेर पडू नका, संत्रा मार्केटच्या बाजूने निघा. मेट्रो स्टेशन तिकडे आहे. लोकमान्य नगर ते प्रजापती नगर ही ॲक्वा लाइन जुन्या शहराला धरूनच जाते: शुक्रवारी तलावासाठी कॉटन मार्केट, गांधीबागेसाठी अग्रसेन चौक, महालासाठी चितार ओळी. खापरी किंवा ऑटोमोटिव्ह चौकाकडून आलात तर बर्डीला (सीताबर्डी स्टेशनवर) गाडी बदला. आत ऑटो नेण्यापेक्षा पायी फिरलेलं बरं, कारण अर्ध्या गल्ल्यांत ऑटो नुसता अडकतो. वार शक्यतो रविवार ठेवा. इतवारीचा ठोक बाजार त्या दिवशी बहुतेक बंद असतो, रस्त्यात हातगाड्यांची कोंडी नसते आणि माणसं घरी भेटतात.

आता मुख्य काम, घर ओळखणं. कागदावरचा जुना वॉर्ड क्रमांक उपयोगाचा नाही. प्रभाग कितीदा बदलले. घर क्रमांकाचंही तसंच. नकाशात गल्लीचं नाव सापडलं तरी वाड्याचं सापडत नाही. वाडा पाडून फ्लॅट झाले असतील तर बरेचदा त्याच आडनावाची पाटी इमारतीवर असते, ती आधी बघा.

जुनं घर उभं असलं तरी ते बुटकं वाटेल. वाढलेलं वय हे एकच कारण नाही. डांबरी रस्ता नीट न खोदता त्यावर सिमेंटचा थर टाकला की रस्ता वर येतो, कडेला गट्टू (सिमेंटचे ठोकळे) बसवले की आणखी वर. ज्या ओट्यावर तीन पायऱ्या चढून जावं लागायचं, तिथे आता एकच उरलेली असते, कुठे कुठे तर दारातून रस्त्यावर चढावं लागतं. पावसाचं पाणी आत शिरतं म्हणून लोक उंबऱ्याशी विटांचा बांध घालतात. तेव्हा पायऱ्या मोजून घर ओळखू नका. खिडकीचे गज, लाकडी खांब, आडाची जागा, कोपऱ्यावरचं मारुतीचं देऊळ या खुणा जास्त खात्रीच्या.

विचारायचं पानठेल्यावर किंवा इस्त्रीवाल्याकडे. नव्या दुकानात कोणी काही सांगत नाही. स्वतःचं नाव सांगून उपयोग नाही. आजोबांचं आडनाव आणि नोकरी सांगा. ‘एम्प्रेस मिलमधले’, ‘रेल्वेतले’ म्हटलं की म्हातारी माणसं लगेच घरापर्यंत आणून सोडतात. १८७७ साली सुरू झालेल्या त्या मिलच्या जागेवर आता मॉल आहे, पण ओळख सांगायला मिल अजून चालते.

सकाळी तर्री पोहे, म्हणजे वर तिखट रस्सा घातलेले पोहे, खाऊनच निघा. तर्री आधी वेगळी मागा; सवय सुटलेल्या पोटाला ती झेपेलच असं नाही.

आलाच आहात तर कागदंही काढून घ्या. शाळेतून दाखल-खारीज रजिस्टरचा (प्रवेश आणि शाळा सोडल्याच्या नोंदवहीचा) उतारा हवा असेल तर शाळा सोडल्याचं वर्ष, शेवटचा वर्ग आणि तेव्हाचं पूर्ण नाव लिहून न्या. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचं काम इथेच अडतं, म्हणून विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्राची प्रत सोबत असू द्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत बाबू जागेवर नसतो. महापालिकेची शाळा बंद पडून दुसरीत मिसळली असेल तर रजिस्टर कुठे गेलं ते आधी शिक्षण विभागात विचारा. जन्माचा दाखला महापालिकेकडे. शहरात दहा झोन आहेत, त्यामुळे मोहल्ला आज कोणत्या झोनमध्ये येतो हे निघण्याआधीच पाहून ठेवा.

घर विकलेलं नसून आजोबांच्याच नावावर पडून असेल तर नगर भूमापन कार्यालयातून आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा. त्यासाठी मौजा आणि नगर भूमापन क्रमांक लागतो. जुन्या खरेदीखतात तो सापडतो, नसेल तर शेजारच्या घराच्या पत्रिकेवरून माग काढता येतो. जमीन नझूलची, म्हणजे सरकारी मालकीची असेल तर पट्ट्याची (लीजची) मुदत संपली आहे का, ते पाहा. बाहेरचा ले-आऊट असेल तर चौकशी नागपूर सुधार प्रन्यासात. वारसांची नोंद राहिली असेल तर मृत्यू दाखले आणि सगळ्या भावंडांची आधार कार्डं घेऊनच या, कारण एखादा वारस परदेशात निघाला की फाइल तिथेच थांबते.