चारधाम यात्रेत एटीएमने गिळलेले दहा हजार – माझा अनुभव

दर्शन छान झालं, चढण, घोडे, पाऊस यावर खूप जणांनी लिहिलंय, त्यामुळे ते सोडते. मी लिहितेय बँकेबद्दल, कारण पैसे परत मिळाले तरी राग अजून गेलेला नाही.

केदारनाथच्या वाटेवर गुप्तकाशीला पोचलो तोवर सगळ्यांकडची रोख संपत आली होती. पुढे सोनप्रयाग ते गौरीकुंड जीप, मग घोडेवाला, वर राहायचं, आणि नेटवर्क गेलं की यूपीआयपण गेलंच, म्हणजे रोख हवीच. एका एटीएमवर 'नो कॅश', दुसऱ्याचं शटर अर्धं खाली, तिसऱ्यापुढे ही भलीमोठी रांग. नंबर आला, दहा हजार टाकले, आत नोटा मोजल्याचा आवाज आला आणि लाइट गेली. नोटा नाहीत, पावती नाही, पण पैसे कापल्याचा मेसेज मात्र लगेच हजर! मागचे लोक म्हणे परत करून बघा. मी केलं नाही. आधी बॅलन्स बघा, मग ठरवा, नाहीतर दोनदा अडकाल. मशीनवर लिहिलेला एटीएम आयडी आणि वेळ यांचा फोटो तेवढा काढून घेतला, तोच पुढे कामी आला. त्या दिवशी नंदेच्या यजमानांनी, म्हणजे भावजींनी उसने दिले म्हणून वर जाता आलं.

आता नियम सांगते, कारण शाखेत कोणी आपणहून सांगत नाही. पैसे कापले आणि नोटा आल्या नाहीत तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत बँकेने ते आपोआप परत जमा करायचे. उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई, तीपण न मागता. रिझर्व्ह बँकेचं २०१९ चं परिपत्रक आहे.

घरी आले, ५ दिवस उलटून गेले होते, पैसे नाहीत. शाखेत गेले तर काउंटरवरचे साहेब, "मॅडम, मशीन आमचं नाही, ज्या बँकेचं आहे त्यांच्याकडे जा." अहो कुठे जा, गुप्तकाशीला? मशीन कोणाचंही असो, तक्रार आपलं कार्ड ज्या बँकेचं आहे तिनेच घ्यायची असते. हे मी सांगितल्यावर ते म्हणाले मग ऑनलाइन टाका. टाकली, तर काही दिवसांनी 'व्यवहार यशस्वी' असं लिहून तक्रार बंद! म्हणजे नोटा मी खिशात घातल्या आणि वर खोटं बोलतेय असंच ना? परत शाखेत गेले, आता लेखी अर्ज, आणि त्यात स्पष्ट लिहिलं की मशीनचा लॉग, त्या दिवशी मशीनमध्ये जास्तीची निघालेली रोख आणि सीसीटीव्ही तपासा. पोच म्हणून शिक्का मारून घेतला (शिक्का द्यायला टाळाटाळ करतात, तिथून हलायचं नाही). खाली एक ओळ टाकली की ३० दिवसांत निकाल लागला नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाणार. ती तक्रार ऑनलाइन करता येते, फी नाही, आणि १४४४८ वर फोन करून माहितीही मिळते. त्या ओळीनंतर कशी काय कोण जाणे, फाइल हलली आणि दहा हजार जमा झाले.

भरपाई मात्र नाही. विचारलं तर, "पैसे आले ना मॅडम, आता कशाला?" आता कशाला म्हणजे? परिपत्रकाची प्रिंट नेऊन टेबलावर ठेवली.

हां, तुम्ही निघणार असाल तर रोख हरिद्वार-ऋषिकेशलाच काढा, वर मे-जूनच्या गर्दीत मशीन रिकामी होतात. मी आता एकदम दहा हजार कधीच टाकत नाही, दोन-तीन हजार करून काढते. फ्री व्यवहार संपले तरी एका व्यवहाराला २३ रुपये आणि वर जीएसटी जाईल, जाऊ दे. दोन वेगळ्या बँकांची कार्डं दोघांच्या पाकिटात ठेवा. आणि लाइट गेलीच तर लगेच बाहेर पडू नका, स्क्रीन परत सुरू होईपर्यंत थांबा, उशिरा नोटा बाहेर आल्या तर मागचा उचलेल.

भरपाईपण मिळाली शेवटी, पूर्ण. साहेब आता मला बघितलं की नमस्कार करतात.